धुकं हा नुसता दोष नव्हता

'टुरोक: डायनोसॉर हंटर' या व्हिडिओ गेमला १९९७ साली समीक्षकांनी डोक्यावर घेतलं ते केवळ ग्राफिक्समुळे, हे या गेमवरच्या एका लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. निन्टेन्डो ६४ या गेमिंग कन्सोलच्या कंट्रोलरवर पिवळ्या सी बटणांनी चालायचं आणि स्टिकने नेम धरायचा, ही मांडणी तेव्हा अनेकांना नवी होती. एकदा हाताला बसली की मग सुटत नसे. गेममध्ये दूरचं सगळं झाकून टाकणाऱ्या धुक्याला सगळेच नावं ठेवतात. अहो, पण त्याच धुक्यातून रॅप्टर, म्हणजे शिकारी डायनोसॉर, अचानक अंगावर यायचा तेव्हा काळजात धस्स व्हायचं! २०१५ च्या सुधारित आवृत्तीत लांबपर्यंत स्वच्छ दिसतं, पण ती धास्ती उरत नाही. गेममध्ये एका खांबावरून दुसऱ्यावर माराव्या लागणाऱ्या उड्यांवरची लेखातली टीका मात्र शंभर टक्के रास्त. स्वतःचे पाय दिसत नाहीत, कडा कुठे संपते कळत नाही, आणि जरा अंदाज चुकला की थेट खाली.