अर्जदार मीच, खातेदारही मीच

आपलं वजन आपल्याजवळच असतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. जिना चढताना ती पक्कीही होत असे. पण वजन आणि वजनाची नोंद या दोन निराळ्या वस्तू आहेत. वजन माझ्याकडे असतं आणि ते कुणी मागत नाही. नोंद कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर असते आणि ती मलाच मागून मिळत नाही.

झालं असं, की चार वर्षं रोज सकाळी काट्यावर उभं राहून दिसेल तो आकडा मी मोबाइलमधल्या एका ॲपमध्ये इमानेइतबारे भरत आलो. ६८ वर सुरुवात केली होती, ७९ वर पोचलो. (नोंद ठेवली की वजन आटोक्यात राहतं, असं ॲपच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. नोंदीचं काम मी केलं. आटोक्याचं त्याने बघायचं होतं.) मग एक नवीन ॲप दिसलं. त्यातले आलेख फार देखणे होते. आपली चार वर्षांची चढण तिथे जास्त शोभेल असं मनात आलं. जुन्या ॲपमध्ये ‘एक्स्पोर्ट’चं बटण शोधलं, ते नव्हतंच. सेटिंग्जच्या तळाशी फिकट राखाडी अक्षरांत ‘डेव्हलपरसाठी’ अशी एक ओळ तेवढी होती.

भाची सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला फोन लावला.

“अरे मामा, एपीआय दिलाय की त्यांनी! जुन्यावर गेट मारायचं, नव्यावर पोस्ट मारायचं. फॉर लूप लिहिता येतो ना तुला?”

“लिहिता येतो. थांबवता येईलच असं नाही.”

“मग दोन तासांचं काम आहे,” ती म्हणाली आणि तिची मीटिंग सुरू झाली. (एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी माहितीची देवघेव करायची खिडकी. गेट म्हणजे तिथून माहिती मागणं, पोस्ट म्हणजे तिथे नवी नोंद पाठवणं आणि फॉर लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या ओळी.)

पहिला धक्का हा बसला, की माझी माहिती मला मागता येत नाही. ती ‘ॲप’ मागतं. म्हणजे आधी एक ॲप जन्माला घालणं आलं. नोंदणीचा फॉर्म उघडला. ॲपचं नाव? ‘चाचणी’ टाकलं, ते आधीच कुणीतरी घेतलेलं. ‘चाचणी २’ही गेलेलं. ‘चाचणी ३’ मिळालं. ॲप काय करतं? ‘वजन हलवतं’ असं लिहिलं आणि वाचून जरा बरं वाटलं. पुढे प्रायव्हसी पॉलिसी, तीही सक्तीची. तासभर बसून लिहून काढली : ‘आम्ही आपल्या खासगीपणाचा आदर करतो. आपली माहिती आम्ही कोणत्याही त्रयस्थाला देणार नाही.’ आम्ही म्हणजे मी. आपली म्हणजे माझी. त्रयस्थ तेवढा अस्सल होता, कारण उरलेलं सगळं जग त्यात येत होतं.

फॉर्म मंजूर झाल्यावर एक क्लायंट आयडी, म्हणजे ॲपचं ओळखपत्र, आणि एक क्लायंट सिक्रेट, म्हणजे ॲपचा पासवर्ड, हाती आलं. सिक्रेट एकदाच दाखवण्यात येईल, जपून ठेवा, कुणाला देऊ नका, अशी तंबी वर. हरवू नये म्हणून मी त्याचा स्क्रीनशॉट काढून भाचीला पाठवून दिला.

“मामा, सिक्रेट मला का पाठवलंस?”

“अगं, तू घरचीच.”

तिने मला ते तिथल्या तिथे रद्द करून नवीन काढायला लावलं. नवीन मी कुणाला पाठवलं नाही. ते सरळ प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत लिहून टाकलं. तिथे तर मुळीच लिहायचं नसतं, हे पुढच्या फोनवर कळलं.

या सगळ्या कारभाराला ओऑथ म्हणतात. त्याची २.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. खरं बोलायचं तर कल्पना शहाणपणाची आहे. पूर्वी एका सेवेला दुसऱ्या सेवेतलं काही हवं असलं की ती तुमच्याकडे चक्क तिथला पासवर्ड मागायची आणि आपण तो द्यायचोही. आता पासवर्ड द्यावा लागत नाही. ठरावीक कामापुरता, ठरावीक मुदतीचा पास मिळतो. यात पात्रं चार : माहितीचा मालक, माहिती मागणारा क्लायंट, परवानगी देणारा सर्व्हर आणि माहिती सांभाळणारा सर्व्हर. क्लायंट लबाड असू शकतो, म्हणून मालकाने त्याच्यापासून सावध राहायचं, अशी सगळी रचना. चारांपैकी दोन भूमिका मलाच करायच्या होत्या आणि त्या नेमक्या याच दोन होत्या.

प्रोग्रॅम चालवला तशी ब्राउझरमध्ये एक खिडकी उघडली. त्यात लाल त्रिकोण. ‘चाचणी ३ या ॲपला तुमचं वजन, उंची, झोप, हृदयाचे ठोके आणि ठिकाण पाहायचं आहे. या ॲपच्या निर्मात्याची पडताळणी झालेली नाही. निर्मात्यावर तुमचा विश्वास असेल तरच पुढे जा.’

मी थबकलो. झोप कशाला पाहिजे या माणसाला? ठिकाण कशाला? मग आठवलं, की फॉर्ममध्ये स्कोपची, म्हणजे ॲपला काय काय पाहू द्यायचं त्याची, यादी आली तेव्हा ‘असू दे, लागलं तर’ म्हणून मीच सगळ्या चौकटींवर टिचक्या मारल्या होत्या. हावरटपणा उघडा पडला तो असा, स्वतःसमोरच. परत जाऊन टिचक्या काढत सुटलो. परवानगी दिली. तर पुढचं पान : रिडायरेक्टचा पत्ता जुळत नाही.

हा पत्ता म्हणजे परवानगी मिळाल्यावर तुम्हाला परत कुठे पाठवायचं ते ठिकाण. फॉर्ममधला आणि प्रोग्रॅममधला पत्ता तंतोतंत एक हवा. मी दोन्ही एकाखाली एक ठेवून पाहिले. एक एक अक्षर बोट ठेवून, मोठ्याने वाचलं. एकच होते. जेवून आलो, पुन्हा वाचलं. एकच होते. रात्री अकरा वाजता फॉर्ममधल्या पत्त्याच्या शेवटी एक तिरपी रेघ दिसली. प्रोग्रॅममधल्या पत्त्याला ती नव्हती. दिवसभर मी तिला स्क्रीनवरचा ओरखडा समजत होतो.

रेघ खोडली आणि टोकन मिळालं. टोकन म्हणजे वीतभर लांबीची निरर्थक अक्षरमाळ, पण ज्याच्या हातात ती, तो आत. मुदत ३,६०० सेकंद. सेकंदांत सांगितलं की मुदत मोठी वाटते. असतो एक तास. त्यातली चाळीस मिनिटं मी ‘मिळालं!’ हे भाचीला कळवण्यात घालवली. मग पहिलं गेट मारलं आणि उत्तर आलं ४०१.

४०१ आणि ४०३ ही सख्खी भावंडं आहेत आणि त्यांच्यात माणसं नेहमी घोटाळा करतात. ४०१ म्हणजे ‘आपण कोण?’ आणि ४०३ म्हणजे ‘आपण कोण ते कळलं, म्हणूनच नाही.’ माझं ४०१ टोकन चिकटवताना शेवटचं अक्षर सुटल्यामुळे होतं. ते जोडलं तर ४०३ आलं. घाबरून टिचक्या काढताना मी वजन वाचायची परवानगीही काढून टाकली होती. सर्व्हर मला पुरेपूर ओळखत होता, आणि माझं वजन मला सांगायला मीच त्याला मना केलं होतं.

ॲपलच्या हेल्थकिटमध्ये, म्हणजे आयफोनवरच्या आरोग्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, याहून नाजूक सोय आहे, असं भाचीने सांगितलं. तिथे तुम्ही एखाद्या ॲपला वाचायची परवानगी नाकारलीत तर त्या ॲपला नकार कळतच नाही. अशा नोंदीच नाहीत, असंच त्याला दिसतं. कारण नकारातूनही माणसाबद्दल काहीतरी कळत असतं. वजन विचारल्यावर ‘सांगणार नाही’ म्हणणाऱ्याचं वजन काय असेल, हे कुणीही ओळखतं. तेव्हा नकारही झाकून ठेवायचा. मला हे इतकं आवडलं, की नातेवाइकांसाठी अशी काही सोय आहे का, ते विचारणार होतो.

तिसऱ्या दिवशी २०० आलं. २०० म्हणजे सगळं ठीक. महिरपी कंसांत माझी सकाळ मागून सकाळ उलगडत गेली. मोजल्या तर शंभर. मी चार वर्षांत शंभरच दिवस काट्यावर चढलो? खजील होऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, “रोज चढता. दणका ऐकू येतो.” एपीआय शंभर-शंभरच्या पानांनी माहिती देतो आणि पुढच्या पानाची खूण उत्तराच्या अगदी शेवटी असते, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं होतं. मी ते वाचलेलं नव्हतं. सगळी पानं भराभर मागायला गेलो तर ४२९ : फार वेळा विचारलंत, साठ सेकंदांनी या. साठ सेकंद हात जोडून बसलो. अखेर १,३१२ नोंदी हाती आल्या. चौदा पानं, शेवटच्या पानावर बारा.

एवढं झालं वाचन. वाचताना चुकलात तर रिकाम्या हाताने परत येता. लिहिताना चुकलात तर चूक तिथे राहते, आणि ॲप तिच्यावर तुम्हाला सल्ला देतं.

नव्या ॲपचा फॉर्म, पॉलिसी आणि टोकन हा सोहळा पुन्हा करून झाल्यावर आधी प्रोफाइलमध्ये उंची भरली. १७२. उत्तर २००, सगळं ठीक. फोन उघडून पाहतो तर पडद्यावर काळजीचा पिवळा पट्टा : ‘तुमचं वजन अत्यंत कमी आहे.’ इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हणालं नव्हतं. मी ते बायकोला दाखवलं. तिने चष्मा लावून खालची ओळ वाचली : उंची १७२ मीटर. एपीआयला उंची मीटरमध्ये हवी होती. म्हणून मी हिशोब मांडला : बॉडी मास इंडेक्स (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) किमान १८.५ हवा, तर १७२ मीटर उंचीला साधारण ५४७ टन वजन लागेल. मी ७९ किलोंवर होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला खायला भरपूर वाव होता.

जड मनाने उंची १.७२ केली. मात्र या वेळी पॅचऐवजी पुट मारलं. पॅच तेवढंच बदलतं. पुट आधीचं सगळं पुसून तुम्ही दिलं असेल तेवढंच ठेवतं. मी फक्त उंची दिली होती. नाव गेलं, जन्मतारीख गेली. ॲप उघडलं की ‘नमस्कार, !’ असं येऊ लागलं. स्वल्पविराम आणि उद्गारचिन्ह यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती, ती मी. १.७२ मीटर उंचीची.

मग वजनं पाठवली. १,३१२ वेळा पोस्ट, प्रत्येकाचं उत्तर २०१, म्हणजे नोंद झाली. आलेख उघडला, कोरा. मागे सरकवत गेलो. गेलं वर्ष कोरं, त्याच्या आधीचं कोरं, मी कॉलेजात होतो ती वर्षं कोरी. बोट दुखायला लागलं तेव्हा एकदम एक उभी भिंत दिसली. जानेवारी १९७०. संगणक वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजतात; जुना एपीआय ती सेकंदांत देत होता आणि नवा मिलिसेकंदांत मागत होता. त्यामुळे माझी चार वर्षं हजार पटींनी आकसून १९७० च्या जानेवारीतल्या जेमतेम ३५ तासांत जाऊन बसली होती. माझा जन्म व्हायचा होता. खाली लाल पट्टा : ‘३५ तासांत ११ किलो वाढ. कृपया तातडीने डॉक्टरांना भेटा.’

सगळं पुसलं, हजाराने गुणलं, पुन्हा पाठवायला घेतलं. मध्येच नेट अडखळलं. उत्तर आलं नाही की तीच नोंद पुन्हा पाठवायची, असं मी हुशारीने लिहून ठेवलं होतं. नोंद दर वेळी पोचत होती, परत यायचं होतं ते फक्त उत्तर. गेट कितीही वेळा मारा, काही बिघडत नाही. पोस्ट सात वेळा मारलं की नोंदी सात. एका मंगळवारी सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी मी सात वेळा काट्यावर चढलो, असं आता तिथे लिहिलेलं आहे. ॲपने हळुवारपणे विचारलं, ‘तुम्हाला वजनाची फार चिंता वाटते का?’

जादाच्या नोंदी निवडून काढता काढता रात्रीचे दोन वाजले. आलेख खरोखर देखणा दिसत होता. ६८ पासून ७९ पर्यंत, मधे कुठेही माघार नाही. लॅपटॉप उघडाच ठेवून झोपलो.

सकाळी डोळे पुरते उघडायच्या आत फोन हातात घेतला. सुरक्षा विभागाचा मेल : ‘काल रात्री “चाचणी ३” नावाच्या एका अनोळखी ॲपने तुमच्या खात्यात हजाराहून अधिक वेळा लिहिण्याचा प्रयत्न केला. हे तुमच्या संमतीने झालं का?’

चाचणी ३? नावावरूनच भामटा वाटत होता. रात्री दोन वाजता, हजार वेळा! भाचीने सुरक्षेवर एवढं बौद्धिक घेतलं होतं ते काय उगाच? मी क्षणाचाही विलंब न लावता ‘नाही’ दाबलं. ‘या ॲपने लिहिलेली सर्व माहितीही काढून टाकायची का?’ त्यावर ‘हो’ दाबलं.

पाठोपाठ दुसरा मेल आला. तोही मलाच, पण आता ‘प्रिय डेव्हलपर’ म्हणून.

‘आपल्या एका वापरकर्त्याने आपल्या ॲपची परवानगी काढून घेतली आहे. सध्याचे एकूण वापरकर्ते : ०. गैरसमज झाला असल्यास कृपया वापरकर्त्याशी थेट संपर्क साधावा.’