मारुतीला त्याचं नाव द्या

वेफेअररवर, म्हणजे पोकेमॉन गो, इन्ग्रेस अशा बाहेर फिरून खेळायच्या मोबाइल खेळांसाठी खऱ्या जागा सुचवायच्या आणि तपासायच्या साइटवर, रिव्ह्यू करायला बसलं की एक शीर्षक हमखास समोर येतं: 'हनुमान मंदिर'. वर्णनातही 'हनुमान मंदिर'. आणि रिव्ह्यू करणाऱ्यासाठीच्या रकान्यात 'आमच्याकडे एकही स्टॉप नाही, प्लीज ॲक्सेप्ट करा'. (स्टॉप म्हणजे खेळाच्या नकाशावरची अशी जागा, जिथे जवळ जाऊन स्क्रीनवर चकती फिरवली की खेळातल्या वस्तू मिळतात.) ज्या पुण्यात जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, उंटाड्या मारुती अशी लाडाची नावं देवाला मिळाली, तिथलीच माणसं नकाशावर एवढंच लिहितात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पोकेमॉन गो असो की इन्ग्रेस, आपल्या गावातल्या जागा आपण खेळाडूच सुचवतो आणि बहुतेकदा आपल्यासारखेच खेळाडू त्या तपासतात. त्यांनी तुमचं गाव पाहिलेलं नसतं. त्यांच्यापुढे दोन फोटो, चार ओळी आणि उपग्रहातून दिसणारी छपरं, बस.

माझ्या आजोळी मारुतीच्या देवळामागे पिंपळाखाली एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मारकशिळा, आहे. पहिल्यांदा मी भर दुपारी फोटो काढला. तेल-शेंदराने शिळा नुसती चकाकत होती. शीर्षक दिलं 'जुना दगड', पिन टाकली पिंपळाच्या शेंड्यावर. रिजेक्ट! खूप राग आला. पण तोच फोटो चार दिवसांनी बघितला, तेव्हा त्यात मलाही काही ओळखू येईना.

दिवाळीत गेले तेव्हा सकाळी सातलाच तिथे जाऊन उभी राहिले. तिरपं ऊन पडलं आणि एकेक कप्पा उठून आला. खाली ढाल-तलवार घेऊन लढणारा वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मामा शेजारी येऊन म्हणाला, "पोळ्याला बैल आधी ह्याच्यापुढं आणतो आपण." ते वाक्य मी तसंच वर्णनात घातलं. दुसरा फोटो मुद्दाम लांबून काढला: शिळा, देवळाचा पत्रा आणि पायवाट एका चौकटीत. पत्रा उपग्रहाच्या चित्रातही दिसतो, त्यामुळे जागा पटली. या वेळी ॲक्सेप्ट झालं.

नियम फार नाहीत. खाजगी घर चालत नाही, बारावीपर्यंतची शाळा चालत नाही, म्हणजे झेडपी शाळेच्या भिंतीवरचं चित्र कितीही देखणं असलं तरी नाहीच. फोटोत चेहरे, गाडीचे नंबर नकोत. नेटवरून उचललेला फोटो तर नकोच नको. आणि ॲक्सेप्ट होऊनही पोकेमॉन गोमध्ये दिसलं नाही तर चिडू नका, तिथे अगदी जवळजवळच्या सगळ्याच जागांना स्टॉप मिळत नाही. तीच जागा इन्ग्रेसमध्ये दिसू शकते.

पण घरात बसून स्टॉप फिरवता यावा म्हणून पिन खऱ्या जागेवरून घराकडे सरकवणं मला अजिबात मान्य नाही. संध्याकाळी कुणी लेकराला घेऊन चालत येतं आणि तिथे काहीच नसतं. त्या पोराचा हिरमुसलेला चेहरा मी पाहिलाय.

गावाकडे बारव आहे, दीपमाळ आहे, तालीम आहे, वाचनालय आहे, म्हातारी माणसं बसतात तो पार आहे. सुट्टीत जाल तेव्हा सकाळच्या उन्हात फोटो काढा, शेजारच्या आजींना त्या जागेचं नाव विचारा आणि लोक म्हणतात तेच नाव मराठीत लिहा. पाठवण्याआधी कुणाला दाखवावंसं वाटलं तर मला इनबॉक्स करा, मी वाचून नक्की सांगेन.