दिंडोरीचा खासदार कांद्याने पाडला का?

आमच्या कट्ट्यावर २०२९ची लोकसभा आत्ताच सुरू झाली आहे. उमेदवार कोण, युती कुणाची, हे प्रश्न वकिलाचे. बापूंचा प्रश्न एकच, "पक्ष आमच्याकडं मतं मागायला येतील तेव्हा काय घेऊन येतील?" सगळा वाद या दोन टोकांच्या मधे चालतो. परवा तो इतका चढला की मास्तरांनी मला सांगितलं, हे लिहून काढ, नाहीतर उद्या सगळे आपापलं बोलणं फिरवतील.

सुरुवात वकिलाने केली. त्याचं म्हणणं, निवडणूक बेरजेवर जिंकतात आणि जाहीरनामा ही लग्नपत्रिकेवरची देवाची ओळ. २०२४ला महाराष्ट्रात ४८पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला. मतांच्या टक्केवारीत मात्र दोघांत एका टक्क्याचंही अंतर नव्हतं. "एक टक्का इकडचा तिकडे झाला की डझनभर खासदार बदलतात. त्यात तुझं धोरण कुठं बसवतोस?"

"दिंडोरीत बसवतो," बापू म्हणाले.

दिंडोरी हा आमचा नाशिक जिल्ह्यातला, कांद्याच्या पट्ट्यातला लोकसभा मतदारसंघ. बापूंची कांद्याची शेती. आमच्यात तारखा त्यांच्याच तोंडपाठ असतात. ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त माल बाहेर पाठवायचाच नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थेट बंदी, मुदत ३१ मार्चपर्यंत. "डिसेंबरात लाल कांदा निघतो. तो साठवणीच्या चाळीत टिकत नाही. निघाला की विकायचाच. तिथं मारलं. मग म्हटलं जाऊ दे, उन्हाळ कांदा निघेल तोवर मुदत संपतीय. तर मार्चमध्येच, आचारसंहिता लागल्यावर, बंदी पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. वर एप्रिलात गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची परवानगी. आमचा उन्हाळ बसला घरी."

"पण ४ मेला बंदी उठवली ना," मास्तर म्हणाले. "मतदान २० मेला होतं."

"उठवली कशी? टनाला ५५० डॉलर किमान दर आणि वर ४० टक्के शुल्क ठेवून. त्याला काय उठवली म्हणायचं?"

१५ मेला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. भाषण चालू असताना गर्दीतून एक पोरगा ओरडला, कांद्यावर बोला. ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पाच दिवसांनी मतदान. केंद्रात आरोग्य राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार एक लाखाहून जास्त मतांनी पडल्या आणि शाळेत शिकवणारे, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे भास्कर भगरे दिल्लीला गेले. शेजारी नाशिक गेलं, नगर गेलं. निकालानंतर एकनाथ शिंदे आणि अजित पवार या दोघांनीही कांद्याने फटका दिला, हे उघड मान्य केलं.

वकील थांबणारा नाही. "कांद्याचा पट्टा म्हणून सगळे जे पराभव मोजतात, त्यात धुळे घालतात. धुळं मालेगाव मध्य या एका विधानसभा मतदारसंघाच्या मतांनी गेलं, कांद्याने नाही. बीड घालतात. बीडला त्या वेळी मराठा आरक्षणाशिवाय दुसरं काही चाललं होतं का? आणि दिंडोरीचंच घ्या. भगरे आडनावाचा एक अपक्ष, चिन्ह तुतारी. खऱ्या भगऱ्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला लाखावर मतं पडली! साताऱ्यात तसल्याच तुतारीने उदयनराजेंच्या मताधिक्यापेक्षा जास्त मतं खाल्ली आणि शशिकांत शिंदे पडले. यात धोरण शोधून दाखव."

इथे इंजिनिअर हसला. हा आमच्यातला सगळ्यात लहान, पुण्यात नोकरी, महिन्यातून एकदा गावी. "वकीलसाहेब, तुम्ही स्वतःच्याच विरोधात साक्ष देताय. ती लाख मतं चुकून पडली असतील तर ती मुळात भाजपच्या विरोधातच होती. म्हणजे राग तुम्ही धरताय त्याच्या दुप्पट होता."

वकिलाने पवित्रा बदलला. मला वाटतं त्या दिवसातला त्याचा सगळ्यात चांगला मुद्दा हाच. "बरं. मे महिन्यात राग होता. नोव्हेंबरात विधानसभेला काय झालं? दिंडोरी लोकसभेतले सहा मतदारसंघ: निफाड, येवला, चांदवड, कळवण, नांदगाव, दिंडोरी. सहाच्या सहा आमदार महायुतीचे निवडून आले. आणि गंमत बघा, हेच सहा जण मे महिन्यातही आमदार होते आणि महायुतीतच होते. सहा आमदार असून लोकसभा हरले, लोकसभा हरून सहा आमदार परत आले. सहा महिन्यांत राग कुठं गेला? दीड हजारात गेला?"

लाडकी बहीण जूनच्या अर्थसंकल्पात आली, हे खरं. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाची वीजही त्याच वेळी माफ झाली. मास्तरांना हा विषय निघाला की राग येतो. त्यांच्या मते दोन्ही बाजूंनी लाज सोडली होती. एकाने दीड हजाराचे एकवीसशे करतो म्हटलं, दुसऱ्याने तीन हजार देतो म्हटलं, आणि तिजोरीत किती आहे हे कुणीच विचारलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितली. ती आचारसंहितेत आलीही. पैसे कुठून आणणार तेही सांगा, असं त्यात आहे. "कोण वाचतं?" मास्तर म्हणाले आणि पुढची पाच मिनिटं तेच बोलले. ती मी गाळतो.

बापू शांत होते. मग म्हणाले, "वकीलसाहेब, निर्यात कोण ठरवतं? मुंबई का दिल्ली?"

"दिल्ली. परदेशी व्यापार केंद्राच्या सूचीत आहे."

"मग आमदाराला मी कशाला पाडू? आमदाराला मी पाणी विचारतो, रोहित्र विचारतो, रस्ता विचारतो. खासदाराला कांदा विचारला. तुम्ही म्हणता राग विसरलो. राग जिथं द्यायचा तिथं दिला. आणि सप्टेंबरात शुल्क चाळीसवरून वीसवर आणलं, किमान दर काढून टाकला, ते का आणलं? मे महिन्यात मार खाल्ला म्हणून."

हा मुद्दा मला पटतो, आणि एका कारणाने जास्तच पटतो. सप्टेंबर २०१९मध्येही कांद्याची निर्यातबंदी झाली होती. महिन्याच्या अखेरीस बंदी, २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान. चांदवडला भाजपचाच आमदार आला. वकील हे उदाहरण कांदा चालत नाही म्हणून देतो. पण ते बापूंच्या बाजूचं उदाहरण आहे. बंदी दिल्लीची होती, मतदान मुंबईसाठी होतं. आमच्याकडचा मतदार दोन मतं दोन वेगळ्या हिशोबांनी टाकतो आणि पक्षांचे रणनीतीकार ते एकाच खात्यात मांडतात.

वकिलाकडे आणखी एक पान होतं. २०१८च्या शेवटी निफाडच्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १०६४ रुपये आले आणि त्याने ते पंतप्रधानांना मनिऑर्डर केले. देशभर बातमी झाली. चारपाच महिन्यांनी लोकसभा. भाजप दिंडोरीत दोन लाखांच्या आसपास मतांनी जिंकला. "ती तर दिल्लीचीच निवडणूक होती ना, बापू?"

"तेव्हा बालाकोट होतं," इंजिनिअर मधेच बोलला.

"बालाकोट होतंच. पण ते सोड," बापू म्हणाले. "त्या साली माल उदंड झाला होता. भाव बाजारात गेला. माझा ट्रॅक्टर कुणी अडवला नव्हता. २०२४ला बाहेर गिऱ्हाईक उभं होतं आणि सरकारने मधे हात घातला. दोन्हीत नुकसान सारखंच असंल, पण दुसऱ्यात माणूस दिसतो."

यावर वकील गप्प राहिला. पटलं म्हणून नव्हे. तो पुढची मांडणी करत होता. पण त्याआधी इंजिनिअरने जे सांगितलं ते कुणालाच आवडलं नाही.

तो म्हणाला, "तुम्ही सगळे असं धरून चाललाय की बंदी ही चूक होती आणि रणनीती वेगळी होती. बंदी हीच रणनीती होती. कांदा खाणारे देशभर, पिकवणारे चारदोन पट्ट्यांत. १९९८ला दिल्लीत कांदा महागला आणि भाजपची सत्ता गेली, ते कुठलाच पक्ष विसरलेला नाही. शहरातला भाव रोखायला तीनचार खासदार गेले तर गेले. तुम्हाला वाटतं तुम्ही शिक्षा दिली. त्यांनी ती किंमत आधीच मोजून ठेवली असेल."

"मग २४०वर का थांबले?" मास्तर.

"त्याला दुसरी कारणं. उत्तर प्रदेश बघा. चारशे पारची घोषणा दिली आणि संविधान बदलायला हवेत म्हणून मागतायत, असं दलित वस्त्यांत पोचलं. पण मी दिंडोरीचं बोलतोय. दिंडोरी गेली ती नजरचुकीने नाही."

मला हे खरं वाटत नाही, निदान पूर्ण खरं वाटत नाही. बहुमताला ३२ कमी पडलेल्या पक्षाला चार खासदार स्वस्त नसतात. शिवाय इतका थंड हिशोब करणारा पक्ष मतदानाआधी दोन आठवडे बंदी अर्धवट उठवत नाही. ते घाबरलेल्या माणसाचं लक्षण. पण इंजिनिअरच्या बोलण्यातलं मूळ नाकारता येत नाही: खाणाऱ्यांची मतं पिकवणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत, आणि ते २०२९लाही तसंच राहील.

विरोधकांचं काय? मार्च २०२४मध्ये राहुल गांधींची यात्रा चांदवडला आली, तिथे शेतकऱ्यांसाठी पाच हमी जाहीर झाल्या. हमीभावाला कायदा, कर्जमाफीचा आयोग, तीस दिवसांत पीकविमा, शेतीच्या वस्तूंवर जीएसटी नाही, आणि स्थिर आयात-निर्यात धोरण. मास्तर त्या सभेला गेले होते. चांदवडचंच १९८६चं, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशनही त्यांनी पाहिलेलं, त्यामुळे तुलना करायची त्यांना सवय आहे.

"स्थिर म्हणजे काय पण?" बापूंनी विचारलं. "कायमची बंदी पण स्थिरच की. बंदी करणार नाही असं का नाही लिहिलं?"

त्याचं उत्तर वकिलाने दिलं, आणि बरोबर दिलं. डिसेंबर २०१०ला बंदी कुणी केली? यूपीएने. सप्टेंबर २०११ला? यूपीएने. कृषिमंत्री तर शरद पवार होते. मग २०१९, २०२०, २०२३ एनडीएने. "सत्तेत आल्यावर दोघंही हेच करतात. म्हणून लिहीत नाहीत. लिहिलं आणि लासलगावच्या कांदा बाजारात टाळ्या मिळाल्या, तर दिल्लीत तेच कात्रण दुसरा पक्ष फिरवेल: हे कांदा महाग करणार."

मग त्याने हातकणंगल्याचा दाखला काढला. शेतकरी नेते राजू शेट्टी २०२४ला तिथे आघाडीचा पाठिंबा मागत होते. ठाकरेंच्या सेनेच्या मशाल चिन्हावर लढा म्हटलं, ते नाही म्हणाले. आघाडीने आपला उमेदवार दिला, मतं फुटली, शिंदेंच्या सेनेचे धैर्यशील माने तेराचौदा हजारांनी जिंकले. शेट्टींची मतं त्याच्या कितीतरी पट. "शेतीधोरणावर शेट्टींइतकं कोण बोललंय? तरी काय झालं? आधी बेरीज, मग धोरण."

"बेरीज झाल्यावर धोरणाला कोण विचारतं?" बापू म्हणाले. यावर मात्र वकिलाकडे तयार उत्तर नव्हतं. तो म्हणाला, दबावगट ठेवा. बापू म्हणाले, तोच तर ठेवला होता, मे महिन्यात.

शेवटी इंजिनिअरने मोबाइलवर लिहायला घेतलं. पुढच्या वेळी कुठल्याही पक्षाचा माणूस आला तर एक वाक्य पुढे करायचं, हो की नाही ते सांगायला लावायचं. वाक्य कुठलं, यावर अर्धा तास गेला. मास्तरांचा हट्ट: निर्यातबंदी करणार नाही, बस. व्यापार खुला हवा, त्यात तडजोड नाही. बापूंना ते नको होतं. "खोटं बोलतील, हो म्हणतील आणि सही करतील. त्यापेक्षा असं लिहा: शहरासाठी बंदी करायचीच असंल तर करा, पण बंदीच्या दिवशी जो भाव होता आणि नंतर जो मिळाला, त्यातला फरक सरकारने भरायचा. शहराला स्वस्त खाऊ घालायचंय ना, मग पैसे शहराने द्यावेत. माझ्या चाळीतून का?"

मला हे मास्तरांच्या वाक्यापेक्षा चांगलं वाटलं. यात शहरी मतदाराला घाबरवण्यासारखं काही नाही. पक्षाला हो म्हणता येतं, आणि हो म्हटल्यावर बंदी फुकट राहत नाही.

इंजिनिअरने मात्र खोड काढली. मध्य प्रदेशात २०१७ला भावांतर योजना आणली तेव्हा व्यापाऱ्यांनीच बोली खाली आणल्याच्या तक्रारी झाल्या. फरक सरकार भरणार म्हटल्यावर लिलावात भाव कोण चढवेल?

"आणि फरक कुणाला मिळणार?" मास्तर. "२०२३ला राज्याने क्विंटलला साडेतीनशे रुपये अनुदान दिलं, दोनशे क्विंटलपर्यंत. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून किती जण लटकले, विसरलात?"

बापू विसरले नव्हते. त्यांनी इंजिनिअरला वाक्यात आणखी एक तुकडा घालायला लावला: फरक बाजार समितीच्या पावतीवर, सातबाऱ्यावर नाही. वकिलाने लगेच हरकत घेतली, पावत्या व्यापारीही फाडतात. ते वाक्य अजून इंजिनिअरच्या मोबाइलमध्ये अर्धवट आहे. पुढच्या महिन्यात तो गावी येईल तेव्हा पावतीच्या कलमापासून सुरुवात करायची, एवढंच ठरलं.