खुलासा: 'प्लस नाही तर ऑनलाइन गेम बंद' हा मेसेज पुढे पाठवू नका

जळगाव-भुसावळकडच्या गेमिंग ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: प्लेस्टेशन प्लस (सोनीची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप) नसेल तर पीएस४-पीएस५ या सोनीच्या गेम कन्सोलवर कुठलाच गेम ऑनलाइन चालत नाही, आणि वरचा महागडा प्लॅन घेतला की लॅग (खेळताना गेम उशिरा हलणं, अडखळणं) जातो.

पहिली गोष्ट अर्धवट आहे. पीएस३वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं. २०१३ मध्ये पीएस४ आला, तेव्हापासून विकत घेतलेल्या बहुतेक गेमच्या ऑनलाइन मल्टिप्लेअरला प्लस लागतं. पण फोर्टनाइट, रॉकेट लीग अशा फुकट गेमना ते लागत नाही. आमच्या भाच्याकडे प्लस नाही, तरी फोर्टनाइट रोज रात्री चालू (ताई वैतागते, तो भाग वेगळा). मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलनेही फुकट गेमसाठीची ही अट एप्रिल २०२१ मध्ये काढली.

लॅगचं मात्र साफ चुकीचं. इसेन्शियल, एक्स्ट्रा, डिलक्स या प्लसच्या तीन प्लॅनांत फरक आहे तो गेमच्या यादीचा आणि सोयींचा. नेटची लाइन तीच राहते. सर्व्हर बऱ्याचदा गेम काढणाऱ्या कंपनीचे असतात. काही गेममध्ये तर खेळाडूंचे कन्सोल थेट एकमेकांना जोडले जातात, मग समोरच्याचं नेट रडलं की तुमचाही सामना अडखळतो. म्हणून भाऊ, पैसे भरण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन इंटरनेट कनेक्शनची टेस्ट करा. त्यात नॅट टाइप ३ (म्हणजे इतर खेळाडूंशी जोडणी अडतेय) दिसला तर नेटवाल्याला गाठा. राऊटर वरच्या मजल्यावर अन् कन्सोल खाली असेल तर सरळ लॅनची वायर ओढा.

ज्या ग्रुपात तो मेसेज टाकला असेल, तिथे हा खुलासाही टाका.