व्हॉल्तेर, बर्क आणि तो 'शब्दन् शब्द खरा' वाला फॉरवर्ड

सध्या जो फॉरवर्ड प्रत्येक ग्रुपवर येऊन पडतोय त्याला उत्तर द्यायचंच होतं. वर लिहिलंय की "अडीचशे वर्षांपूर्वीच्या विचारवंतांनी आजची परिस्थिती आधीच लिहून ठेवली होती, शब्दन् शब्द त्यांचाच", आणि खाली विग घातलेल्या माणसांची चित्रं टाकून एकेक वाक्य. म्हटलं एकेक करून बघूच.

पहिला अर्थातच व्हॉल्तेर, फ्रेंच लेखक आणि विचारवंत. "तुमचं म्हणणं मला पटत नाही पण ते म्हणायचा तुमचा हक्क मी मरेपर्यंत जपेन." व्हॉल्तेर गेला 1778 ला आणि हे वाक्य छापून आलं 1906 ला. एव्हलिन बिअॅट्रिस हॉल नावाच्या इंग्रज बाईंनी त्याच्या मित्रांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात एल्व्हेसियस नावाच्या फ्रेंच विचारवंताच्या पुस्तकाची गोष्ट येते. ते 1758 चं पुस्तक, पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये जाहीर जाळलं गेलं, आणि व्हॉल्तेरला ते पुस्तक काही आवडलेलं नव्हतं, पण एवढ्यासाठी जाळायचं हेही त्याला पटलं नाही. त्याची ही भूमिका हॉलबाईंनी आपल्या शब्दांत मांडली आणि त्याला अवतरणचिन्हं लावली, झालं, लोकांनी ते त्याचंच धरलं. नंतर त्यांनी स्वतः सांगितलं की बाबांनो ते शब्द माझे आहेत, पण तोवर उशीर झालेला. त्यात गंमत म्हणजे पुस्तक त्यांनी एस. जी. टॅलेंटायर अशा टोपणनावाने काढलेलं, त्यामुळे आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य लिहूनही बाईंचं नाव कुणालाच माहीत नाही.

दुसरा एडमंड बर्क, ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य आणि विचारवंत. "वाईटाचा विजय व्हायला एवढंच पुरे की चांगल्या माणसांनी काही करू नये." बर्कची भाषणं, पत्रं, लेख सगळं छापलेलं आहे, अभ्यासकांनी शोधून झालंय, हे वाक्य त्यात नाही. याच्या जवळ जाणारं वाक्य इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलच्या 1867 च्या सेंट अँड्रूज विद्यापीठातल्या भाषणात आहे. बर्कने 1770 मध्ये लिहिलं ते असं, की दुर्जन एकत्र आले की सज्जनांनीही एकत्र यायलाच हवं, नाहीतर एकेकटे पडतील आणि त्यांची कुणी कीवही करणार नाही. म्हणजे तो चक्क राजकीय पक्ष बांधायची बाजू घेत होता! फॉरवर्डवाल्यांचा मात्र सूर असा की सगळे पक्ष सारखेच, आपण भले आपला स्टेटस भला.

आणि खरा बर्क आपल्यासाठी कितीतरी जास्त कामाचा आहे. 1 डिसेंबर 1783 ला, म्हणजे मराठे आणि इंग्रजांमधल्या सालबाईच्या तहानंतर वर्ष-दीड वर्षात, पार्लमेंटमध्ये ईस्ट इंडिया कंपनीवर बोलताना तो म्हणाला की आज आपल्याला हिंदुस्थानातून हाकललं तर तिथे ओरँगउटान किंवा वाघापेक्षा बऱ्या कुणाचं राज्य होतं याची एकही खूण मागे राहणार नाही. हे पार्लमेंटमध्ये, इंग्रजांच्या तोंडावर! हा माणूस पुढे कंपनीचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवरच्या खटल्यात कितीतरी वर्षं झटला, हेस्टिंग्ज 1795 ला सुटला ते वेगळं. अजून एक, 1781 मध्ये राघोबादादाचा वकील म्हणजे दूत हणमंतराव लंडनला गेला होता, तिथे सोवळ्याओवळ्याचे हाल, तेव्हा बर्कने त्याला आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर मोकळं करून दिलं, तिथे त्याचा स्वयंपाक आणि स्नानसंध्या व्यवस्थित चालायची. हे सोडून लोक न म्हटलेलं वाक्य फिरवतात.

तिसरा टायटलर. हे नाव ऐकलं नसेल पण वाक्य नक्की आलं असणार, विशेषतः लाडकी बहीण आली तेव्हा: "लोकशाही टिकत नाही, सरकारी तिजोरीतून आपल्यालाच वाटप करून घेता येतं हे मतदारांना कळलं की ती संपते." अलेक्झांडर फ्रेझर टायटलर हा एडिनबरा विद्यापीठातला इतिहासाचा प्राध्यापक, 1813 ला वारला. लोकशाहीवर त्याचा फार विश्वास नव्हता हे खरं, पण हे वाक्य त्याच्या लिखाणात कुणाला सापडलेलं नाही, ते छापील स्वरूपात दिसायला लागतं 1950 च्या आसपास अमेरिकन पेपरांत. आणि साधा विचार करा ना, त्याच्या काळात अख्ख्या स्कॉटलंडमध्ये मतदार होते मोजके काही हजार, तेही बहुतेक जमीनदार मंडळी, गरिबाला मतच नव्हतं तर मतं देऊन वाटप कोण घेणार होतं? मोफत योजनांना विरोध असेल तर खुशाल करा, मुद्दे आहेत, पण स्वतःच्या नावावर करा.

इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सनचं "देशभक्ती हा बदमाशाचा शेवटचा आसरा" मात्र खरं आहे, 7 एप्रिल 1775 चं, त्याचा चरित्रकार बॉसवेलने नोंदवलंय. फक्त लगेच खाली बॉसवेल लिहितो की त्याचा रोख खऱ्या देशप्रेमावर नव्हता, स्वार्थावर पांघरूण म्हणून मिरवल्या जाणाऱ्या देशभक्तीवर होता. ही ओळ दोन्ही बाजूंचे लोक सोयीने गाळतात. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतच्या "पाव नाही तर केक खा" बद्दल तर किती वेळा सांगायचं, तो किस्सा विचारवंत रूसोने आत्मचरित्रात कुठल्यातरी निनावी राजकन्येचा म्हणून लिहिलाय आणि लिहिला तेव्हा ही व्हिएन्नात दहा-बारा वर्षांची पोर होती, फ्रान्सला आली 1770 ला.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "कोण म्हणालं याला काय महत्त्व, विचार बघा." मग नाव कशाला लावता, फोटोसकट? आणि याच फॉरवर्डमध्ये व्हॉल्तेरच्या नावावर अजून एक आहे, "तुमच्यावर राज्य कोण करतं हे कळायचं असेल तर कुणावर टीका करता येत नाही ते बघा." ते 1993 मध्ये एका अमेरिकन नव-नाझीने लिहिलेल्या लेखातून आलंय, आणि त्याचा रोख ज्यूंवर होता. ते त्या माणसाच्या नावाने आणि त्याच्या फोटोसकट आलं असतं तर सोसायटीच्या ग्रुपवर कुणी टाकलं असतं का?