अर्धा चमचा हळद आणि पाचशे मिलिग्रॅमची कॅप्सूल

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा खरेदीदार आधी हळकुंड मोडतो. गाभ्याचा रंग बघतो, मोडताना खणकन आवाज येतो का ते ऐकतो, आत ओल राहिली आहे का ते चाचपतो. राजापुरी आणि सेलम नुसत्या नजरेने वेगळ्या सांगणारी माणसं या गावात आहेत. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची ही पारख आहे. पण त्याच घरांमध्ये हल्ली रात्री झोपताना जी ‘शंभर टक्के नैसर्गिक’ कॅप्सूल घेतली जाते, तिच्या डबीवरची बारीक अक्षरं कुणी वाचलेली नसतात. म्हणून हळद, जायफळ, अश्वगंधा अशा घरोघरी घेतल्या जाणाऱ्या वनस्पतींबद्दल आणि झोपेबद्दल हे सविस्तर लिहितो आहे.

माझं म्हणणं असं की स्वयंपाकघरातली वनस्पती निर्धोक असते ती तिच्या मापामुळे. माप बदललं की तीच वनस्पती औषध होते. मग किती घ्यायचं, कशासोबत घ्यायचं नाही, किती दिवसांनी थांबायचं, हे सगळे प्रश्न तिलाही विचारावे लागतात.

हळदीचाच हिशेब मांडू. चहाच्या अर्ध्या चमच्यात साधारण दीड ग्रॅम हळद बसते. हळदीला पिवळा रंग देणारा मुख्य घटक म्हणजे कर्क्युमिन. त्याचं प्रमाण जातीप्रमाणे दोन ते पाच टक्के असतं, आपण तीन धरू. म्हणजे पेलाभर हळददुधातून पोटात जातं सुमारे ४५ मिलिग्रॅम कर्क्युमिन, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात पोचतं. आता ‘९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स, ५०० मिलिग्रॅम’ लिहिलेली कॅप्सूल घ्या. एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी जवळजवळ सोळा ग्रॅम हळद लागेल, म्हणजे पाच सपाट चमच्यांहून जास्त. दिवसाला दोन कॅप्सूल घेतल्या तर दहा चमचे. रोज दहा चमचे हळद खाण्याची परंपरा आपल्याकडे कधीच नव्हती, त्यामुळे ‘आपले पूर्वज खात आले’ हा दाखला कॅप्सूलला लागू पडत नाही.

अशा बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं तिखट द्रव्य, पायपरिन, घातलेलं असतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर माणसांमध्ये कर्क्युमिनची उपलब्धता, म्हणजे रक्तात पोचणारं प्रमाण, २००० टक्क्यांनी वाढलेली दिसली. जाहिरातीत हा आकडा ठळक छापतात. पायपरिन हे कसं साधतं, ते मात्र कुणी सांगत नाही. बाहेरचा पदार्थ निकामी करून टाकण्याची यकृताची आणि आतड्याची जी यंत्रणा आहे, तिला ते मंद करतं. ती यंत्रणा मंद झाली की फिटच्या, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही रक्तातलं प्रमाण वर जाऊ शकतं. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला सूज आल्याची बरीच प्रकरणं नोंदली गेली आणि तिथल्या आरोग्य खात्याला इशारा द्यावा लागला. लघवी गडद होणं, अंगाला खाज, अन्नावरची वासना उडणं, डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काहीही दिसलं तर ‘गोळीचाच रंग उतरला असेल’ असं समजू नका. गोळी बंद करा आणि लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या. पित्ताशयात खडे असतील, मुतखड्याचा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल (हळदीत खडे वाढवणारं ऑक्झलेट बरंच असतं) किंवा वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ही कॅप्सूल मुळात आणूच नका. भाजी-आमटीतल्या हळदीला यांपैकी कसलीही आडकाठी नाही.

हळददूध जरूर प्या. दीडशे मिली दूध, पाव चमचा हळद, चिमूटभर मिरपूड. हळद दुधात घालून तीन-चार मिनिटं मंद आचेवर उकळू द्या, म्हणजे कच्चट वास जातो. कर्क्युमिन पाण्यापेक्षा स्निग्धात विरघळतं, त्यामुळे साय काढलेल्या दुधापेक्षा साधं दूध बरं. गूळ घालायचा तर गॅस बंद करून, दूध थोडं निवल्यावर घाला. उकळत्या दुधात टाकलात तर गुळातल्या आंबटपणाने दूध फाटतं. मधुमेह असेल तर गूळही नको आणि मधही नको. महाबळेश्वरचा असला तरी मध ही साखरच आहे. हळदीने झोप येते असं काही मी म्हणणार नाही. कोमट पेय, दिवे मंद करून बसलेली दहा मिनिटं आणि रोजचा नेम यांचा तो गुण आहे, आणि तो काही कमी मोलाचा नाही.

हळद घेताना एक करा. पेलाभर पाण्यावर चमचाभर पूड सोडा, ढवळू नका. चांगली हळद हळूहळू तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी लगेच भडक पिवळं झालं तर त्यात रंग आहे असं समजा. खरं तर ज्या गावात हळकुंडं मिळतात आणि चक्कीवर दळून मिळतात, तिथे पुड्याची पूड घ्यायची गरजच काय?

झोपेसाठी जायफळ द्यायची चाल जुनी आहे. सहाणेवर दुधात चार-पाच वळसे एवढंच त्याचं माप, आणि ते माप फार शहाणपणाने ठरवलेलं आहे. एक अख्खं जायफळ पाच-सहा ग्रॅमचं असतं आणि एका वेळी साधारण तेवढं पोटात गेलं तर विषबाधा होते. छातीत धडधड, कोरडं तोंड, मळमळ, भास. हे सगळं तीन ते सहा तासांनी सुरू होतं. घात होतो तो इथेच. अर्ध्या तासात झोप आली नाही म्हणून माणूस आणखी पूड घेतो आणि मध्यरात्री सगळं एकदम अंगावर येतं. किसणीने किसून चमचा भरू नका. लहान बाळाला तर ‘शांत झोपावं’ म्हणून जायफळ अजिबात उगाळून देऊ नका. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको, कारण मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

आता अश्वगंधा. सध्या सगळ्यात जास्त खपणारी वनस्पती हीच आहे आणि गोंधळही तिच्याचबद्दल जास्त आहे. औषधात वापरायचं ते मूळ. पानांत विथाफेरिन-ए नावाचा तीव्र घटक मुळापेक्षा बराच जास्त असतो. पानं स्वस्त पडतात म्हणून अर्कात मिसळली जायची, तेव्हा आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं. म्हणून डबीवर ‘मूळ’ किंवा ‘रूट’ हा शब्द शोधा. नुसतं ‘अश्वगंधा एक्स्ट्रॅक्ट’ लिहिलं असेल तर डबी परत ठेवा.

मुळाचं चूर्ण आणि अर्क यांची मापं वेगळी आहेत. चूर्णाची शास्त्रोक्त मात्रा तीन ते सहा ग्रॅम. अर्काची, चाचण्यांमध्ये वापरलेली, दिवसाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम. चूर्णाच्या चमच्याने अर्काची पूड घेणं ही नेहमी होणारी चूक आहे आणि ती महागात पडते. चूर्ण घ्यायचं तर अर्ध्या चमच्याने सुरू करा, जेवणानंतर, कोमट दुधातून. रिकाम्या पोटी घेतलं तर मळमळतं, जास्त झालं तर जुलाब होतात. परिणाम दिसलाच तर सहा ते आठ आठवड्यांनी, आणि तोही मध्यम असतो. झोप लागायला थोडा कमी वेळ, मनाचा ताण थोडा कमी. आठ आठवड्यांत काहीच फरक नसेल तर पुढची डबी आणू नका. फरक असला तरी तीन महिन्यांनी थांबा, कारण बहुतेक चाचण्या तेवढ्याच काळाच्या आहेत. त्यापुढचं खात्रीने सांगायला आधार नाही.

थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी अश्वगंधा परस्पर सुरू करू नये. तिने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात. गोळीचा डोस पूर्वीचाच राहतो आणि छाती धडधडायला लागते, घाम येतो, झोप उलट उडते. मग झोपेसाठी माणूस अश्वगंधा वाढवतो! मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर साखर आणि दाब जास्तच खाली जाऊ शकतो. झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते. गरोदरपणात ती वर्ज्यच. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी हिच्याही आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. मला ती अतिसावधगिरी वाटते, पण आपल्याकडे ती बिस्किटासारखी विकली जाते हेही बरोबर नाही.

आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. अश्वगंधेसारख्या वनस्पती सावकाश काम करतात. कुणी दिलेल्या बिनलेबलच्या पुडीने पहिल्याच रात्री आठ तास गाढ झोप लागली, सकाळी जीभ जड आणि डोकं सुन्न, तर त्यात अल्प्राझोलम हे गुंगीचं औषध किंवा तसलंच काही कुटून घातल्याचा संशय घ्यावा. सांधेदुखीच्या पुडीचंही तेच आहे. दोन दिवसांत गुडघे मोकळे, मग हळूहळू भूक वाढली, चेहरा गोल झाला, साखर चढली, ही स्टेरॉइडची लक्षणं आहेत. आणि अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. शरीराला तिची सवय लागलेली असते. पुडी तशीच घेऊन एमडी डॉक्टरांकडे जा आणि डोस टप्प्याटप्प्याने उतरवून घ्या.

डबी दुकानात उभं राहूनच वाचायची असते. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक, सप्लिमेंट असेल तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ. वनस्पतीचं लॅटिन नाव, कोणता भाग, प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम, बॅच आणि मुदत. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून दहा वनस्पतींची नावं आणि एकच एकूण वजन दिलं असेल तर आपण काय किती घेतोय हे कळायला मार्गच नाही. लॅटिन नावाचा आग्रह उगाच नाही. ‘ब्राह्मी’ म्हणून बाकोपाही विकतात आणि मंडूकपर्णीही, आणि या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. गुळवेलीचंही तसंच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याची प्रकरणं मांडली, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी असं म्हटलं. वाद कुणाचाही बरोबर असो, कुंपणावरची वेल तोडून रोज काढा करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी धोका आहेच. खोडावर चामखिळीसारख्या ठळक गाठी असतील तर ती आपली गुळवेल नव्हे.

ज्येष्ठमध खोकल्यासाठी दोन-चार दिवस ठीक. रोज चघळण्याने पोटॅशियम घटतं, पाय सुजतात, रक्तदाब चढतो, आणि लघवीची गोळी चालू असेल तर हे लवकर होतं. इसबगोल एक-दोन चमचे भरपूर पाण्यात, मोठा पेलाभर, कालवल्या कालवल्या प्यायचं. कमी पाण्यात घेतलं तर ते घशातच फुगतं. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. सोनामुखी असलेली पोट साफ करणारी चूर्णं आठवडाभरापेक्षा जास्त नकोत.

पण झोपेबद्दल बोलायचं तर सांगली जिल्ह्यात झोप कशाने मोडते ते आधी बघायला हवं. शेतीपंपाची लाइट पाळीने रात्रीची येते. उसाला नाहीतर द्राक्षाला पाणी द्यायला माणूस रात्री बाराला बांधावर, पुढच्या आठवड्यात दिवसा. कुपवाड एमआयडीसीत पाळ्या बदलतात, कारखान्यांचा हंगाम लागला की तिथेही. शरीराच्या घड्याळाला असे हेलकावे बसत असतील तर कुठलीच मुळी पुरी पडणार नाही. यावर उपयोगी पडतं ते असं. चोवीस तासांतले चार तास असे ठरवा की दोन्ही आठवड्यांत तुम्ही त्या वेळी झोपलेलेच असाल. पहाटे तीनला मोटार बंद करून येणाऱ्याने साडेतीन ते साडेसात धरावेत आणि दिवसाच्या लाइटच्या आठवड्यातही याच वेळेत अंथरुणात असावं. उरलेली झोप आधी किंवा दुपारी जोडावी. खिडकीला जाड पडदा किंवा डोळ्यांवर उपरणं. चहा घ्यायचाच तर पाळीच्या सुरुवातीला, कारण घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच तासांनीही अंगात असतं.

बायकांच्या झोपेचा विषय निघाला की मिश्रीकडे कुणाचं लक्ष जात नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. रात्री दात घासायच्या नावाखाली ती लावली की निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं, आणि निकोटिन जागं ठेवतं. एका हाताने मिश्री आणि दुसऱ्या हाताने अश्वगंधा घेऊन झोप येणार नाही. आधी रात्रीची मिश्री सोडा, मग सकाळची.

दिवसपाळीवाल्यांनी उठायची वेळ रोज एकच ठेवावी, रविवारीही. झोप डोळ्यांवर आल्याशिवाय अंथरुणावर पडू नये. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसावं आणि पुन्हा झोप आली की परतावं. दुपारी झोपायचं तर अर्धा तास, तीनच्या आत. पहिला आठवडा याने हाल होतात, दिवसा पेंगायला होतं, आणि बहुतेक लोक तिथेच सोडून देतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक दिसायला लागतो. जुनाट निद्रानाशावर जगभर पहिला उपचार म्हणून सांगतात ती सीबीटी-आय ही वर्तनोपचार पद्धत याच पायावर उभी आहे. मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, पोटऱ्यांत वळवळ होऊन पाय हलवावेसे वाटणं (बऱ्याचदा लोह कमी असतं), किंवा आठवड्यातून तीन रात्री झोप न लागणं तीन महिने चाललं असेल तर तपासणी हवी.

मिरजेला ऑपरेशनसाठी येणाऱ्यांना एक सांगायचं आहे. भूल देणारे डॉक्टर ‘काही औषधं चालू आहेत का’ विचारतात, तेव्हा आपण बीपीची आणि साखरेची गोळी सांगतो. हळदीची कॅप्सूल, अश्वगंधा, लसणाची गोळी सांगत नाही, कारण ती आपल्या लेखी औषधं नसतातच. रक्तस्राव वाढणं आणि भुलीचा अंमल लांबणं, दोन्हींचा संभव असतो. तारीख ठरली की निदान दोन आठवडे आधी ही सगळी बंद करा आणि जाताना डब्या पिशवीत घालूनच न्या. नाव सांगण्यापेक्षा डबी टेबलावर ठेवलेली बरी, मागचं लेबल डॉक्टरांना स्वतः वाचता येतं.