इलेक्ट्रॉनिक्सच का घेतलं, असं कोणी विचारलं तर

इलेक्ट्रॉनिक्सला जायचं ठरवलंय ना, मग अभ्यासाचं नंतर बघू, आधी कारण तयार ठेवा. खरं कारण नको, ते कुणालाच नको असतं. लहानपणी रिमोटची गाडी उघडली, आतली मोटर काढून सेलला लावली, फिरली, वायरी उलट्या केल्या तर उलटी फिरली आणि त्या दिवशी जेवायला मारलेल्या हाका ऐकूच आल्या नाहीत, असलं काही इंटरव्ह्यूत बोलून बसू नका. तिथे फक्त एआय, ईव्ही, सेमीकंडक्टर. याच क्रमाने. समोरचा मान डोलावतो, कारण बऱ्याचदा त्यालाही याच्यापुढचं सांगता येत नाही.

पगारासाठी आलोय हे तर अजिबात नाही म्हणायचं. त्याला 'इनोव्हेशनची आवड' म्हणतात.

आदर्श कोण विचारलं तर जॅक किल्बी म्हणा, पण अख्खी गोष्ट सांगू नका. 1958 चा उन्हाळा, हा कंपनीत नवीन, रजा खात्यात नाही, बाकी सगळे सुट्टीवर, म्हणून रिकाम्या लॅबमध्ये एकटा बसून याने इंटिग्रेटेड सर्किटची, म्हणजे अख्खं सर्किट एकाच चिपवर बसवायची, कल्पना काढली! नोबेल कधी मिळालं? 2000 साली. आणि आपलं अप्रेझल एक वर्ष लांबलं की आपण रेझ्युमे अपडेट करायला घेतो.

आता समजा खरंच आवड असेलच, तर घाबरू नका, ती घालवायची सोय कॉलेजात आहे. प्रॅक्टिकलला आधी ग्राफ काढायचा, मग त्याला शोभतील अशी रीडिंग घ्यायची. सिलिकॉन डायोडवर मीटर 0.62 व्होल्ट दाखवत असेल तर मीटर खराब आहे, जर्नलमध्ये पुस्तकातलं 0.7 च जाणार. का, हे विचारणाऱ्याची सही लटकते.

फक्त 555 टायमर घरी आणू नका. 1971 साली हान्स कामेनझिंडने डिझाइन केलेली आठ पायांची चिप, दोन रेझिस्टर, एक कपॅसिटर, एवढ्यावर एलईडी लुकलुकायला लागतो आणि माणूस तिथेच कामातून जातो. मग रात्री दोनला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उलटा लावून फट्ट, खोलीभर तो वास, तरी गडी झोपायचं नाव घेत नाही, ब्रेडबोर्डवरचा लूज काँटॅक्ट शोधत बसतो.

आमच्या एका मित्राचं असंच झालं. इंटरव्ह्यूत एआय, ईव्ही सगळं व्यवस्थित म्हणून झालं होतं, पण टेबलावर एक बंद पडलेला बोर्ड होता, याने तो सहज उचलून उलटा केला. पुढचा प्रश्न राहिला बाजूला. समोरचे साहेबही खुर्ची सोडून आले, मल्टिमीटर निघाला आणि दोघं डोक्याला डोकं लावून रेग्युलेटर का तापतोय ते बघत बसले. एचआरवाल्या मॅडमनी दोनदा खाकरून बघितलं, मग चहा सांगितला.